लिहिलेली बोली आणि ऐकिलेली बोली

लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायांतील उधळ्या पुत्राची गोष्ट तुम्हांस ठाऊक आहेच. बापाकडून आपला वांटा मागून घेऊन धाकटा मुलगा दूर देशीं जातो, तेथें सर्व उधळून टाकतो आणि उपासमार होऊं लागल्यावर घरची वाट धरतो. परंतु हीच गोष्ट एके काळीं हिंदुस्थानांतील शेंकडों बोली पारखण्याचें माप म्हणून वापरली गेली, हें पुष्कळांस ठाऊक नसेल.

सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या देखरेखीखालीं १८९४ सालीं हिंदुस्थानच्या भाषांची पाहणी सुरू झाली. तिचे खंड १९०३ पासून १९२८ पर्यंत निघत राहिले, आणि त्यांत १७९ भाषा व ५४४ बोली यांची नोंद झाली. सर्वत्र एकच गोष्ट घेण्याचें कारण व्याकरणाचें होतें. या गोष्टींत तिन्ही पुरुषांचीं सर्वनामें येतात, नामाच्या बहुतेक विभक्ति येतात, आणि भूत, वर्तमान व भविष्य असे तिन्ही काळही येतात. इकडील लोकांच्या भावनांस धक्का लागूं नये म्हणून कांहीं शब्द तेवढे बदलून घेतले होते. मराठीचा खंड सातवा. तो स्टेन कोनो या नॉर्वेच्या पंडितानें सिद्ध केला व १९०५ सालीं छापून निघाला. त्यांत कोंकणपट्टीच्या बोली आहेत, कोळी आहे, कातकरी आहे, वारली आहे. बाप तोच, पुत्रही तोच. पण ते एकमेकांशीं दर वेळीं निराळ्या बोलींत बोलतात.

कल्याणच्या आसपास राहणाऱ्यांस यांत नवल वाटूं नये. खाडीकांठच्या आगरी व कोळी वस्त्यांत 'पाणी' नसून 'पानी' आहे, 'घोडा' नसून 'घोरा' आहे, 'डोळा' नसून 'डोला' आहे, आणि चुलींत 'विस्तव' नसून 'इस्तव' आहे. हे उच्चार वर्गांत ऐकूं आले कीं कोणीतरी हंसतो. परंतु नीट पाहिल्यास येथें गैरशिस्त कांहीं नाहीं. 'विस्तवा'तील 'व्' जसा गळतो, तसाच तो 'वीस' या शब्दांतूनही गळून 'ईस' होतो. 'घोड्या'चा 'घोरा' होतो त्याच रीतीनें 'गाडी'ची 'गारी' होते. ज्यास नियम आहे त्यास अशुद्ध म्हणण्यापूर्वीं थोडें थांबावें, असें माझें मत आहे. निबंध प्रमाण भाषेंत लिहावा, हें मीच वर्गांत रोज सांगतों; पण निबंधाचा नियम आजीच्या जिभेस लावण्याचें प्रयोजन मला दिसत नाहीं.

छापील नमुन्यांत एक उणेपणा राहतो. बोलणाराचा हेल, त्याचें थांबणें, शब्दावर दिलेला भार हें कागदावर उतरत नाहीं. ग्रियर्सन यांसही केवळ कागद पुरेसा वाटला नसावा, कारण पुढें १९१३ ते १९२९ या काळांत निरनिराळ्या प्रांतांत बोलणारांचे आवाज ग्रामोफोनच्या तबकड्यांवर घेण्यांत आले. त्यांतही पुष्कळ ठिकाणीं हीच उधळ्या पुत्राची गोष्ट आहे. त्या तबकड्या आतां शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणासही ऐकतां येतात. शंभर वर्षांपूर्वींचा माणूस जुन्या तबकडीच्या खरखरींतून बोलूं लागतो, तेव्हां व्याकरणाचें भान सुटतें आणि हा मनुष्य कोण असेल, असा विचार मनांत येतो.

आवाज आणि नांव यांची जोड कशी असते, याचें एक गंमतीचें उदाहरण आहे. १९०२ सालीं कलकत्त्यास प्रसिद्ध गायिका गौहरजान यांचें गाणें तबकडीवर घेतलें गेलें. गाणें संपतांच त्या आपलें नांव इंग्रजींत उच्चारतात. तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें तयार होत, आणि तेथील कारागिरांस गाणें कोणाचें हें कळावें, एवढाच त्यांत हेतु होता. मूळ कारण कारखान्याच्या सोयीचें, पण आज तेवढा भाग ऐकण्यासाठीं लोक ती तबकडी लावितात!

ज्यांस आपलें नांव सांगण्याची संधि कधींच मिळाली नाहीं, अशा स्त्रियांची गोष्ट याहून मोठी आहे. पहाटे जात्याशीं दोघी समोरासमोर बसत. दळण पडे आणि ओवी निघे. पुरुषमंडळी निजलेलीं असत. माहेर, सासुरवास, भाऊ, लेक, विठोबा, पाऊस, जें मनांत असेल तें त्या वेळीं बोलतां येई. पुढें गांवोगांव पिठाच्या गिरण्या आल्या. अंगमेहनत वांचली, हें उत्तमच झालें; दळणाच्या कष्टांचें गुणगान करणारांनीं तें एक दिवस स्वतः करून पाहावें! पण जातें थांबलें तशी ओवीची जागाही गेली. हेमा राइरकर आणि गी पॉइटवाँ यांनीं अनेक वर्षें महाराष्ट्रांतील हजाराहून अधिक गांवांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या, आणि त्यांपैकीं हजारों ओव्या प्रत्यक्ष आवाजांत साठविल्या गेल्या. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेनें २०१७ पासून त्या सर्वांस ऐकावयास खुल्या केल्या आहेत. बीड जिल्ह्यांतील माजलगांवच्या दलित स्त्रियांनीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीं गाइलेल्या ओव्या त्यांत आहेत. गाणारीचें नांव व गांव ओवीबरोबर लिहिलेलें असतें, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

आमच्या भागांत धवलारीण आहे. आगरी व कोळी लग्नांत धवले गाणारी ही वडीलधारी स्त्री एकेक विधि गाण्यानेंच पुढें नेते. तिचें पाठांतर वहींत नसतें. आतां लग्नाच्या मंडपांत मोठे कर्णे लागतात, आणि त्यांपुढें तिचा आवाज पोंचत नाहीं.

येत्या सुट्टींत वरच्या वर्गांतील मुलांनीं घरच्या एखाद्या वृद्ध माणसाकडून एक गोष्ट किंवा एक गाणें मोबाइलवर उतरवून घ्यावें. पालकांनीं त्या वेळीं 'नीट बोल' म्हणून आजीस टोकूं नये, एवढी विनंती आहे. पंखा बंद करावा, भांडीं घासणें थोडा वेळ थांबवावें. आरंभीं तिनें स्वतःच्या तोंडानें आपलें नांव, माहेरचें गांव आणि तेथें कोणती बोली बोलत तें सांगावें. तारीख मुलानें सांगावी. मध्येंच ती थांबली तर थांबूं द्यावें, शब्द पुरवूं नये. न कळलेले शब्द शेवटीं विचारून वहींत लिहावे, आणि ते तिच्या उच्चाराप्रमाणेंच लिहावे. हें इतरांस ऐकवूं का, असें तिला विचारल्यावांचून तें कोणासही पाठवूं नये. कांहीं गाणीं बायकांनीं बायकांपुरतींच ठेविलेलीं असतात. तशी ती म्हणाली, तर यंत्र बंद करून नुसतें ऐकावें.