पडदा आणि पाटी

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव हे गाव आहे. २०२२ साली तेथील ग्रामस्थांनी एक निर्णय घेतला. रोज सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजे आणि घराघरांतील दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद होत. साडेआठला पुन्हा भोंगा झाल्यावरच ते सुरू करायचे. महामारीत शाळा बंद होत्या, तेव्हा शिक्षणासाठीच मुलांच्या हाती मोबाइल आला होता. शाळा उघडल्या, तरी तो हातून सुटेना. म्हणून अभ्यास, वाचन व आपसांतील गप्पा यांसाठी हा दीड तास राखून ठेवण्यात आला. या नियमातून मोठी माणसेही सुटली नव्हती, हे त्याचे खरे बळ.

शहरातील सदनिकांत असा भोंगा कोण वाजवणार? तेथे हे काम मोबाइलमधील पालक-नियंत्रणाच्या सुविधेकडे येते. गूगलचे ‘फॅमिली लिंक’ २०१७ मध्ये आणि ॲपलचे ‘स्क्रीन टाइम’ २०१८ मध्ये उपलब्ध झाले. पालकाला आपल्या मोबाइलवरून मुलाच्या मोबाइलची दैनंदिन मर्यादा ठरवता येते, झोपेच्या वेळी तो बंद ठेवता येतो आणि नवे ॲप घेण्यास अनुमती देता वा नाकारता येते.

परंतु यंत्राला मिनिटे मोजता येतात, त्या मिनिटांचे मोल कळत नाही. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून ‘दीक्षा’ उघडून अपूर्णांक समजून घेणारी मुलगी आणि एकामागून एक छोट्या चित्रफिती पाहणारा तिचा भाऊ, दोघांचाही अर्धा तास एकाच हिशेबात जमा होतो. वेळ संपताच गणित अर्ध्यावर तुटते. यावर उपाय त्याच सुविधेत आहे. फॅमिली लिंकमध्ये ठरावीक ॲप ‘नेहमी अनुमत’ ठेवता येते. मग त्यावरील वेळ दैनंदिन मर्यादेत धरला जात नाही. मात्र मूल कोणत्या ॲपवर शिकते, हे पालकाला ठाऊक हवे. त्यासाठी काही दिवस तरी मुलाशेजारी बसावे लागते. या कामातून कोणतेही ॲप पालकाची सुटका करीत नाही.

लहानग्यांची गोष्ट वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन ते चार वर्षांच्या मुलांनी पडद्यासमोर बसून दिवसाला एका तासाहून अधिक वेळ घालवू नये. त्याहून कमी वेळ अधिक चांगला. येथे अभ्यासाची सबबही लागू पडत नाही.

आणखी एक अडचण आहे. या सुविधांची रचना मुलाचा मोबाइल वेगळा असेल असे धरून झालेली आहे. अनेक घरांत तर मोबाइल एकच असतो. मुक्त विद्यालयातून शिकणारी एखादी आई रात्री त्याच मोबाइलवर आपला पाठ वाचते आणि दुपारी तोच मुलाच्या हाती असतो. अशा घरी अँड्रॉइडमधील ‘ॲप पिनिंग’ कामाला येते. पडद्यावर एकच ॲप खिळवून ठेवता येते आणि सांकेतिक क्रमांकाची अट घातलेली असल्यास तो दिल्याशिवाय दुसरे उघडत नाही. हा क्रमांक मुलाच्या देखत टाकू नये, हे सांगायला हवे. मुलांची नजर तीक्ष्ण असते.

मर्यादा ठरवताना मुलाला विचारात घेतले, तर कुरबुर पुष्कळ कमी होते. किती वेळ, कशासाठी, रविवारी किती सवलत, हे त्याच्याशी बोलून ठरवावे. त्या बोलण्यात मूल एक प्रश्न हमखास विचारते : जेवताना बाबांचा मोबाइल का चालू असतो?