बर्बेराचे बंदर आणि नऊ वर्षांची मंदी

व्यापारी बांधवांनो, मंदी आली की आपण म्हणतो, गिऱ्हाईक उरले नाही. आज आपण अशा मुलखाचा अभ्यास करू, जिथे माल होता, गिऱ्हाईकही होते. पण मधला दरवाजा एकाएकी बंद झाला.

हा मुलूख म्हणजे उत्तर सोमालिया, सोमालीलँड. पाऊस थोडा, शेती नावापुरती. उंट, शेळ्या आणि काळ्या डोक्याच्या पांढऱ्या मेंढ्या हेच तेथील भांडवल. माल बुर्कोच्या बाजारात येई, तेथून एडनच्या आखातावरील बर्बेरा बंदरात आणि जहाजाने सौदी अरेबियात. हजच्या मोसमात कुर्बानीसाठी मागणी सर्वात जास्त असे. परतीच्या फेरीत तांदूळ, साखर, पीठ, कापड येई. म्हणजे मेंढी गेली तरच दुकानात तांदूळ, असा हिशेब.

सप्टेंबर २००० मध्ये सौदीच्या जीझान भागात आणि येमेनमध्ये रिफ्ट व्हॅली ताप हा जनावरांपासून माणसांना होणारा रोग पसरला. सौदी सरकारने आफ्रिकेच्या शिंगातून येणारी जनावरे बंद केली. १९९८ मध्येही अशी बंदी आली होती, पण ती सव्वा वर्षात उठली. या वेळी नोव्हेंबर २००९ उजाडला.

परिणाम काय झाला? जनावरांचे भाव पडले, शिलिंग घसरला, तांदूळ-साखर महागली. त्यात नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकेने अल-बरकात ही सोमालियातील सर्वात मोठी हवाला कंपनी बंद पाडली. परदेशी राहणाऱ्या मुलाबाळांचे पैसे याच वाटेने घरी येत. एकाच घरावर दोन घाव. तरी ते काम इतर हवालावाल्यांनी उचलले, आणि या काळात अनेक घरांची चूल परदेशातून येणाऱ्या पैशावरच पेटली.

बाजार टिकला तो मात्र दलालामुळे, असे आमचे मत आहे. तिकडे त्याला ‘दिलाल’च म्हणतात, शब्द आपलाच वाटावा असा. आपल्याकडे दलाल म्हटले की कपाळाला आठ्या पडतात. पण बुर्कोत दिलाल हा जामीनदार असतो. विकणारा कोण, कुठल्या कबिल्याचा, जनावर चोरीचे तर नाही, याची हमी तो देतो. व्यापारी बराचसा माल उधारीवर उचलतो आणि विक्री झाल्यावर पैसे पोचवतो. कोर्टकचेरी धड नसलेल्या मुलखात ही उधारी चालते, कारण शब्द मोडणाऱ्याला पुन्हा कोणी माल देत नाही. निर्यात आटली तरी ही साखळी तुटली नाही.

माल दुसऱ्या वाटांनीही निघाला. काही येमेन आणि अमिरातीत गेला, काही जनावरे कापून थंड केलेले मांस विमानाने आखाती देशांत गेले. दक्षिणेकडची गुरे पायी केनियातील गारिसाच्या बाजारात पोचली. शहरांत उंटिणीचे दूध विकून बायकांनी रोजचा पैसा उभा केला. सगळ्याच वाटा चांगल्या होत्या असे नाही. अनेकांनी बाभळी तोडून कोळसा केला आणि तो आखातात पाठवला. ज्या झाडाचा पाला शेळी खाते तेच झाड जाळणे म्हणजे मुद्दल खाणेच.

शेवटी दरवाजा उघडला तो कागदाने. २००६ मध्ये जिबुतीत जनावरे ठेवून, रक्त तपासून, शिक्का मारून पाठवण्याची सोय झाली. तेथून जाणारा माल सौदीने घेतला, आणि बर्बेराचे व्यापारी बघत राहिले. पुढे बर्बेरातही तशीच तपासणी-छावणी झाली आणि २००९ मध्ये बंदी उठली. २०१४ मध्ये सगळ्या सोमालियातून पन्नास लाखांवर जनावरे निर्यात झाली.

पण मुख्य गिऱ्हाईक पुन्हा सौदीच राहिले. डिसेंबर २०१६ मध्ये बंदी परत आली आणि त्याच सुमारास दुष्काळही पडला.