क्रॅनबेरीच्या डबीविषयी

धाराशिव

चि. सौ. वैशालीस,


तुझा रिपोर्ट नीट वाचला. लघवीत पू नाही, कल्चरमध्ये जंतू वाढलेले नाहीत, साखर ठीक आहे. जळजळ नाही, तापही नाही. म्हणजे ही उन्हाळी नव्हे. एकदम घाईची लागणं, दिवसभर सारखं जावं लागणं, रात्री उठावं लागणं, हा मूत्राशयाचा स्नायू वेळेआधीच आवळतो त्याचा त्रास आहे. पुष्कळ बायकांना असतो, बोलत कोणी नाही.

मेडिकलवाल्याने दिलेल्या क्रॅनबेरीच्या गोळ्यांबद्दल विचारलंस. हे अमेरिकेतलं आंबट फळ, आपलं करवंद नव्हे. त्यातला एक घटक ई. कोलाय जंतूंना मूत्राशयाच्या अस्तराला चिकटू देत नाही. ज्यांना वारंवार जंतुसंसर्ग होतो अशा बायकांना त्याचा उपयोग होतो. 2023 साली कॉक्रेन या संस्थेने 50 अभ्यास तपासले, तेव्हा त्यांच्यातला धोका साधारण पाव हिश्शाने कमी दिसला. झालेला संसर्ग मात्र त्याने बरा होत नाही. तुझ्यासारख्या त्रासावर अमेरिकेत रोज 500 मिलिग्रॅम भुकटी देऊन पाहिली, थोडा फरकही दिसला. पण प्रयोग लहान होता, तेवढ्यावर महिन्याला पैसे घालवू नकोस. आणि घरात कोणी रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेत असेल किंवा मुतखडा झालेला असेल, तर त्यांच्या हाती ती डबी मुळीच देऊ नकोस.

आता जंतूंचं. निरोगी लघवीत जंतू नसतात असं आम्ही नर्सिंगला शिकलो. 2014 साली शिकागोच्या लोयोला विद्यापीठात नळीने घेतलेल्या लघवीचं जास्त बारकाईने कल्चर केलं, तर 65 नमुन्यांपैकी 52 मध्ये जंतू निघाले. त्यातले बहुतेक नेहमीच्या तपासणीत ‘वाढ नाही’ म्हणून सुटले असते. त्रास असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही बायकांत ते होते. लॅक्टोबॅसिलससारखे काही तर तिथले राहणारेच. म्हणून जळजळ नसताना, ‘जरा कोर्स करून टाक’ असं कोणी म्हणालं तर अँटिबायोटिक घेऊ नकोस. गरोदरपणाची गोष्ट वेगळी.

तुझ्या त्रासाचं खरं कारण मला वाटतं वेगळंच आहे. शाळेत बाथरूमची अडचण, भूमहून एसटीने यायचं म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट नाही, वर चार कप चहा. लघवी दाट होते आणि मूत्राशय आणखी चिडतं. पाणी थोडं थोडं पी, चहा दोनवर आण, शौचाला कुंथावं लागू देऊ नकोस. घाई झाली की धावू नकोस. उभी राहा, लघवी अडवतात तसे खालचे स्नायू आवळ, लाट ओसरू दे, मग सावकाश जा. दोन वेळांमधलं अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढव. लाजून सोडू नकोस, गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात.

लघवीत रक्त दिसलं, ताप आला किंवा कंबर दुखली तर वाट न पाहता दवाखाना गाठ. एरवी तीन दिवस कधी गेलीस, किती प्यायलीस हे वहीत लिहून धाराशिवला ये. डॉक्टरीणबाईंना आपण ती वही दाखवू, गोळी लागेल की नाही ते त्या ठरवतील.

तुझी,
आत्या