मिलिमीटरवर चालणारी नोकरी

बारावीनंतरच्या पर्यायांत ‘रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्ट’ हे नाव काढलं की वडील विचारतात, ‘म्हणजे एक्स-रे काढायचे ना?’ आणि आई म्हणते, ‘रेडिएशनमध्ये काम? नको बाई, उद्या लग्न व्हायचंय तिचं.’ दोन्ही शंका रास्त आहेत. आईच्या शंकेकडे पुढे येऊच, आधी वडिलांचं बघू.

एक्स-रे, सीटी किंवा एमआरआय काढणारा तंत्रज्ञ आजार कुठे आहे ते दाखवतो. रेडिओथेरपीचा तंत्रज्ञ प्रत्यक्ष उपचार देतो. मात्रा किती द्यायची हे डॉक्टर ठरवतात, किरण कुठून कसे सोडायचे याची आखणी मेडिकल फिजिसिस्ट संगणकावर करतो. पण पेशंटला रोज मशीनच्या टेबलावर झोपवणं, आखणीच्या स्कॅनमध्ये तो जसा होता तसाच आणून ठेवणं आणि मग किरण सुरू करणं हे सगळं तंत्रज्ञाच्या हातात. तंबाखूमुळे आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे रुग्ण भरपूर. अशा रुग्णाला साधारण 66 ते 70 ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) एवढी मात्रा 33 ते 35 बैठकांत विभागून देतात, आठवड्यातून पाच दिवस. आखणी होते ती एका दिवशीच्या स्कॅनवर, पेशंट मात्र पुढचे साडेसहा-सात आठवडे रोज नव्याने येऊन झोपतो. आज खांदा जरा वर असतो, उद्या हनुवटी जरा खाली. हा फरक काही मिलिमीटरच्या आत ठेवणं, हीच या नोकरीची कसोटी.

काही मिलिमीटरचं एवढं काय, असं वाटेल. शिंपी शिवणीत जादा कापड सोडतो तशी डॉक्टरही गाठीभोवती थोडी जास्तीची जागा धरतात, कारण पेशंट रोज तंतोतंत तसाच झोपेल याची खात्री नसते. गाठ 5 सेंटिमीटर व्यासाची गोल आहे असं धरा. भोवती 5 मिलिमीटर जागा सोडली तर किरणांखाली येणारं आकारमान होतं 113 घनसेंटिमीटर. तीच जागा 3 मिलिमीटरवर आणता आली तर ते उरतं 92. म्हणजे केवळ नेमकं झोपवता आलं म्हणून 21 घनसेंटिमीटर निरोगी भाग पूर्ण मात्रेतून वाचला. त्यात लाळग्रंथी असेल, मज्जारज्जूच्या लगतचा भाग असेल. उपचारानंतर पेशंटला भाकरीचा कोरडा घास गिळता येतो की प्रत्येक घासाला पाणी लागतं, हे बऱ्याचदा अशा ठिकाणी ठरतं.

चुकाही दोन जातींच्या असतात, आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ही गंमत आवडावी. एक रोज बदलणारी: आज 2 मिलिमीटर डावीकडे, उद्या 1 उजवीकडे. दुसरी पहिल्याच दिवशी, स्कॅनच्या वेळी शिरलेली आणि मग प्रत्येक बैठकीत त्याच बाजूला होत राहणारी. नेदरलँड्समधल्या व्हान हर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली जे सूत्र मांडलं, त्यात भोवतीची जागा ठरवताना दुसऱ्या जातीच्या चुकीला 2.5 ने गुणतात आणि पहिलीला 0.7 ने. स्कॅनच्या दिवशीचा ढिसाळपणा साडेतीन पटीने महाग पडतो, असा याचा सरळ अर्थ. म्हणून अनुभवी तंत्रज्ञ त्या दिवशी घाई करत नाही, बाहेर कितीही गर्दी असो.

त्या दिवशी खोलीत काय चालतं ते जवळून बघण्यासारखं आहे. डोक्या-मानेच्या रुग्णासाठी मास्क करतात. जाळीदार प्लॅस्टिकचा पत्रा साधारण 65 ते 70 अंश सेल्सिअसच्या पाण्यात टाकला की मऊ पडतो. तो बाहेर काढून पाणी झटकायचं, ‘आता तोंडावर गरम, ओलं लागेल, श्वास नेहमीसारखा घ्या’ असं पेशंटला आधीच सांगायचं आणि दोन्ही बाजूंनी दोघांनी धरून एका दमात चेहऱ्यावर ओढून टेबलावरच्या पट्टीत अडकवायचा. मग बोटांनी नाकाचा दांडा, कपाळ आणि हनुवटीखालचा खळगा दाबून घ्यायचा, कारण मास्कची पकड तिथेच असते. थोड्याच मिनिटांत तो कडक होतो. भिंतीवरच्या लेझरच्या रेघा जिथे पडतात तिथे मास्कवर खुणा करतात आणि रोज त्याच खुणांवर पेशंट जुळवतात.

पुस्तकात सहसा न सापडणाऱ्या गोष्टी मात्र वेगळ्याच. स्कॅनच्या दिवशी बाईंची वेणी होती आणि चौथ्या दिवशी त्या अंबाडा घालून आल्या, तर डोकं उचललं जातं आणि मानेचा बाक बदलतो. मास्क बसतो, पण आतली मान तीच राहत नाही. पोट आणि छातीच्या रुग्णांच्या कातडीवर शाईने रेघा काढतात. घरी कोणीतरी मायेने साबण लावून त्या पुसून टाकतं. आणि सगळ्यात नडतात ते मदत करणारे पेशंट. ‘जरा सरका’ म्हटलं की ते कंबर उचलून सरकतात आणि अंगाला पीळ बसतो. म्हणून मुरलेला तंत्रज्ञ म्हणतो, ‘काका, तुम्ही अंग सैल सोडा, हलवतो आम्ही,’ आणि खालच्या चादरीने त्यांना अलगद ओढतो.

आता हुशार पालकांचा प्रश्न: हे सगळं उद्या मशीनच करेल ना? बरंच काही आजच करतं. लिनॅक म्हणजे विजेवर किरण तयार करणारं मशीन. नव्या लिनॅकवर उपचाराआधी टेबलावरच छोटा सीटी स्कॅन निघतो, तो आखणीच्या स्कॅनवर ठेवून पाहतात आणि टेबल आपोआप सरकतं. काही टेबलं थोडी कलतात आणि वळतातही. पण टेबल सरकवून वाकलेली मान सरळ होत नाही. प्रोस्टेटच्या रुग्णाचं मूत्राशय कालच्याइतकं भरलेलं नसेल, तर हाडं जुळूनही आतला अवयव जागेवर नसतो. अशा वेळी पेशंटला उठवून पाणी प्यायला लावायचं आणि थांबायचं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात वजन उतरतं आणि मास्क गालाशी सैल पडतो. डॉक्टरांना सांगून नवा स्कॅन करायला लावायचा की चालवून घ्यायचं, हे पहिल्यांदा टिपणारा माणूस तंत्रज्ञच. डाव्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये हृदय किरणांपासून दूर जावं म्हणून पेशंटला खोल श्वास घेऊन रोखून धरायला शिकवतात. घाबरलेल्या बाईला ते जमवून देणं कुठल्याही सॉफ्टवेअरचं काम नाही. माझ्या मते मशीन सुधारतं तसं हे काम कमी होत नाही, उलट अवघड होतं, कारण भोवतीची जागा कमी केली की चुकायलाही जागा उरत नाही.

त्यामुळे मुलाला इथे पाठवावं की नाही, हे मार्कांवरून ठरवू नका. एकच काम तेहतिसाव्या वेळी पहिल्या वेळेइतक्या लक्षपूर्वक करणारी मुलं असतात. रांगोळीतला ठिपका वाकडा पडला की पुसून पुन्हा काढणारी, प्रयोगशाळेत वाचन दोनदा घेणारी. अशा मुलांना हे क्षेत्र मानवतं. रोज नवं काहीतरी हवं असणाऱ्याला इथे कंटाळा येईल, आणि कंटाळलेला तंत्रज्ञ पेशंटला परवडत नाही. मन थोडं घट्टही लागतं. रोज दिसणारा पेशंट एक दिवस यायचा थांबतो.

आता आईची शंका. किरण सुरू असताना खोलीत फक्त पेशंट असतो. तंत्रज्ञ जाड काँक्रीटच्या भिंतींपलीकडे, कॅमेऱ्यावर नजर ठेवून बसलेला. दार उघडलं तर किरण बंद पडतात. लिनॅक बंद असताना किरण बाहेर टाकत नाही. कोबाल्ट मशीनमध्ये किरणोत्सर्गी स्रोत कायम असतो, त्यामुळे तिथे नियम आणखी कडक. प्रत्येकाच्या छातीवर अंगावर पडलेले किरण मोजणारा टीएलडी बॅज असतो आणि त्याची नोंद ठरावीक काळाने तपासली जाते. अंगावर किती किरण पडलेले चालतील याची मर्यादा मुंबईचं अणुऊर्जा नियामक मंडळ ठरवतं: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30 पेक्षा जास्त नाही. नीट चालवलेल्या विभागातल्या तंत्रज्ञाची नोंद सहसा याच्या जवळपासही जात नाही. गरोदरपण कळवल्यावर पोटातल्या बाळासाठी मर्यादा 1 मिलिसिव्हर्टची, आणि कामाची जागाही त्यानुसार बदलून देतात. ‘लग्न व्हायचंय’ हे कारण इथे टिकत नाही.

प्रवेशाचं म्हणाल तर बारावी विज्ञान लागतं. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या पॅरामेडिकल पदवीत रेडिओथेरपीची वेगळी शाखा आहे, शिवाय अनेक संस्थांत बी.एस्सी. आहे. 2021 च्या कायद्याने अशा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला आहे, त्यामुळे अभ्यासक्रम आणि नोंदणीचे नियम बदलत आहेत. प्रवेश घ्यायच्या वर्षीचे ताजे नियम वाचा. माहितीपत्रकातल्या चकचकीत फोटोंपेक्षा मी तीन गोष्टी विचारेन. कॉलेजच्या स्वतःच्या रुग्णालयात लिनॅक आणि स्कॅनची सोय आहे का, की दुसऱ्याच्या दारात उभं राहून शिकायचं? पहिल्या वर्षात विद्यार्थी प्रत्यक्ष पेशंट झोपवतात की नुसते बघतात? आणि हा अभ्यासक्रम नियामक मंडळाच्या निकषांत बसतो का? तिसऱ्याचं उत्तर लेखी मागा. रेडिओलॉजीची पदविका देऊन ‘दोन्हीकडे चालेल’ म्हणणाऱ्या संस्था आहेत, आणि ते चालत नाही.

आखणीचं गणित जास्त आवडणाऱ्यांसाठी मेडिकल फिजिसिस्ट हा वेगळा रस्ता आहे: भौतिकशास्त्रात बी.एस्सी., एम.एस्सी. आणि त्यावर भाभा अणुसंशोधन केंद्राची रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका किंवा तिच्या तोडीचा अभ्यासक्रम. खारघरला टाटा मेमोरियलच्या संकुलात प्रोटॉन उपचारही सुरू झाले आहेत, तेव्हा या जाणकारांची गरज वाढतच जाणार. फक्त नीटच्या घाईत अकरावीला गणित सोडलं की हा दरवाजा जवळजवळ बंद होतो. मुलगा डॉक्टरकीच्या तयारीत असला तरी जमत असेल तर गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा.