फंक्शनला मूल्य कसे द्यावे?

जयपूरच्या जंतरमंतरातील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. ते पाहावयाचे तर पाहणाराच त्याच्यापाशी जातो. त्याच्या सावलीवरून काढलेली वेळ मात्र चिठोऱ्यावर लिहून कोणालाही देता येते. ‘सी प्लस प्लस’ या संगणकभाषेत फंक्शनला मूल्य देताना असाच विवेक करावा लागतो.

समजा, अशा १०,००० वेळांची सारणी ‘व्हेक्टर’मध्ये साठविली आहे, प्रत्येक नोंद ८ बाइटांची. सरासरी काढणाऱ्या फंक्शनला ती मूल्यरूपाने दिली, तर दर वेळी ८०,००० बाइटांची नक्कल होते. तिचा पत्ता दिल्यास ६४ बिटांच्या संगणकावर ८ बाइट पुरतात. एकच नोंद द्यावयाची असेल तर नक्कलच बरी. पत्ताही तेवढाच मोठा, शिवाय स्मृतीकडे एक खेप अधिक.

परंतु ज्याच्या हाती पत्ता, तो मूळ नोंदी खोडूही शकतो. आणि गेल्या दिवसाची सावली पुन्हा मोजता येत नाही. म्हणून ‘कॉन्स्ट’ हा शब्द जोडावा. मग सारणीत फेरफार करू पाहणारा प्रोग्राम कंपायलर स्वीकारीतच नाही.

नक्कल म्हणजे निव्वळ उधळपट्टी, असे नव्हे. सवाई जयसिंहाने दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी व मथुरा येथे वेधशाळा उभारल्या. मथुरेची नष्ट झाली, तरी जयपूरचीला धक्का लागला नाही. फंक्शनला सारणीत स्वतःचे फेरफार करावयाचे असतील, तर त्यास स्वतंत्र नक्कलच द्यावी. मूळ सारणी पुढे कोणासच नको असेल, तर २०११ च्या प्रमाणानुसार तिचा ताबाच सोपविता येतो. नोंदी जागच्या हलत नाहीत.