एका वसाहतकाराच्या कुळाचा शोध

कोणत्याही घराण्याचा इतिहास शोधू लागले असता दोन साक्षीदार पुढे येतात : एक घरच्या माणसांची आठवण, व दुसरा त्या वेळी लिहिलेली नोंद. या दोघांची साक्ष जुळत नसेल तर काय करावे? याविषयी अमेरिकेतील चार्ल्स इंगल्स या वसाहतकाराचे उदाहरण आपण पाहू.

चार्ल्स १८३६ साली न्यूयॉर्क संस्थानात जन्मला. १८६० साली कॅरोलाइन क्वायनर हिच्याशी त्याचा विवाह झाला. नव्या जमिनीच्या आशेने त्याने विस्कॉन्सिन, कॅन्सस, मिनेसोटा, आयोवा व डकोटा या प्रांतांत बिऱ्हाड हलविले, आणि १९०२ साली डी स्मेट गावी तो मरण पावला. त्याची कन्या लॉरा हिने उतारवयात या भ्रमंतीच्या गोष्टी लिहिल्या.

१९३५ साली छापलेल्या पुस्तकात लॉरा म्हणते की, कॅन्ससमधील आमचे घर इंडिपेंडन्स गावापासून चाळीस मैलांवर होते, व धाकटी कॅरी तान्ही असता विस्कॉन्सिनहून आमच्याबरोबर आली. परंतु घरच्या पवित्र शास्त्राच्या पानावर कॅरीचा जन्म कॅन्ससमधील माँटगोमेरी परगण्यात १८७० च्या आगस्टात झाल्याचे लिहिले आहे. त्याच परगण्याच्या १८७० च्या खानेसुमारीत हे कुटुंब सापडते, व घराची जागा गावापासून सुमारे तेराच मैलांवर ठरते. यात लॉराला दोष देऊ नये. कॅन्सस सोडले तेव्हा ती अवघी चार वर्षांची होती.

नोंद कधी कधी नकोशी गोष्टही सांगते. ती जमीन ओसेज या मूळ रहिवाशांची असून वसाहतकारांचा तीवर हक्क नाही, असे त्याच खानेसुमारीत नमूद आहे. चार्ल्स कष्टाळू व कुटुंबवत्सल होता हे खरे. तो परक्याच्या भूमीवर घर बांधून राहिला हेही खरे. वंशावळी लिहिणाऱ्याने यांपैकी एकही गाळू नये. तसेच फ्रेडी नावाचा मुलगा १८७५ साली जन्मून नऊ महिन्यांनी वारला. लॉराच्या त्या गोष्टींत त्याचे नाव नाही. पण कुळाच्या यादीत त्याची जागा आहेच.

कागदही नाश पावतात. १८९० च्या खानेसुमारीचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीनंतर नाहीसे झाले. अशा वेळी दुसरा दाखला शोधावा. १८६२ च्या कायद्याने, पाच वर्षे जमिनीवर राहून ती कसणाऱ्यास १६० एकर मिळत असत. चार्ल्सने १८८० साली डकोटात असा अर्ज केला व १८८६ साली आपला हक्क सिद्ध केला. अशा अर्जांत घर, नांगरलेली जमीन व कुटुंब यांची माहिती द्यावी लागे. म्हणून ते शोधकाच्या फार उपयोगी पडतात.

तर वाचकहो, यावरून आपण तीन गोष्टी शिकावयाच्या. वडील माणसे जिवंत आहेत तोच त्यांना विचारावे, आणि कोणी काय सांगितले ते तारखेसह लिहावे. मग ते नोंदीशी ताडून पाहावे. जुळले नाही तर दोन्ही साक्षी लिहून ठेवाव्या. आणि अल्पवयात गेलेल्या लेकरांची नावे विसरू नयेत. त्यांच्यासाठी बोलणारे दुसरे कोणी नसते.