आग विझविणारा बंदिवान

मदीना शहरात एका रात्री एक घर आतल्या माणसांसह जळाले. ही वार्ता प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या कानी गेली, तेव्हा आग ही माणसाची शत्रू आहे असे सांगून त्यांनी झोपण्यापूर्वी ती विझविण्याची ताकीद दिली. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांनी कथन केलेली ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आगीपासून माणसांना वाचविणे हा आपल्याकडे केवळ नगरपालिकेचा विषय समजला जातो. प्रेषितांच्या शिकवणुकीत मात्र तो घरातल्या प्रत्येक जबाबदार माणसाचा विषय आहे.

पुण्याच्या मार्केट यार्डात ज्यांचा वावर आहे, त्यांना या ताकिदीचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही. गूळ, सुकी मिरची, खाद्यतेल, बारदानाच्या थप्प्या, लाकडी खोकी, आंब्याच्या दिवसांतला पेंढा! एका गाळ्याला लागून दुसरा गाळा आणि दिवसभर मालगाड्यांनी भरलेले रस्ते. येथून जवळच असलेल्या भवानी पेठेतील टिंबर मार्केटला मे २०२३ मध्ये पहाटे लागलेली आग अनेकांच्या स्मरणात असेल. अशा आगीत व्यापाऱ्याचा माल जातोच, पण त्या मालावर पोट असलेल्या हमाल आणि तोलणारांचा रोजगारही जातो. (गाळ्याच्या भिंतीवर टांगलेल्या अग्निशामक नळकांड्याची मुदत कधी संपली, हे किती जणांनी पाहिले असेल?)

आगीत शिरणाऱ्या माणसाचा धोका आपल्या राज्याला चांगला ठाऊक आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टायकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. एक प्राण वाचविणे म्हणजे जणू साऱ्या मानवजातीला वाचविणे, असे मोल कुरआनच्या पाचव्या अध्यायात (आयत ३२) सांगितले आहे. हे मोल सांगताना वाचविणाऱ्याचे पूर्वायुष्य कसे असावे, अशी कोणतीही अट त्या आयतीत घातलेली नाही.

हा मुद्दा येथे मांडण्याचे कारण असे की, जगात काही ठिकाणी हे काम शिक्षा भोगणारे बंदिवान करतात. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात काही तुरुंगांच्या आवारातच अग्निशमन केंद्रे आहेत. निवडक बंदिवान तेथे राहतात, रीतसर प्रशिक्षण घेतात आणि आसपासच्या ग्रामीण वस्तीतून बोलावणे आले की अधिकाऱ्यासह बंब घेऊन निघतात. कॅलिफोर्नियात ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून रुजली. तेथील बंदिवानांचे मुख्य काम म्हणजे वणव्याच्या वाटेतील झाडोरा कापून मोकळी पट्टी काढणे. आपले वनखाते हिलाच जाळरेषा म्हणते. जो स्वतः इच्छा दाखवितो, ज्याचे तुरुंगातील वर्तन चांगले आहे आणि ज्याचे शरीर सक्षम आहे त्यालाच घेतले जाते. आग लावण्याच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यास प्रवेश नाही. कामाच्या दिवसांमागे शिक्षेत सूट मिळते. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस परिसर जळत होता, तेव्हा सुमारे एक हजार बंदिवान तेथे राबत होते.

इस्लामी शिकवणुकीच्या दृष्टीने या व्यवस्थेकडे कसे पाहावे?

प्रथम कुरआनमधील हजरत यूसुफ (अ.) यांची हकीकत घेऊ. ते निरपराध असून तुरुंगात होते. राजाला स्वप्न पडले आणि त्याचा अर्थ विचारण्यासाठी माणूस तुरुंगात आला. यूसुफ (अ.) यांनी 'आधी मला सोडा, मग सांगतो' असा सौदा केला नाही. सात वर्षे पिकाची, सात वर्षे दुष्काळाची, म्हणून धान्य कणसातच राखून ठेवावे, हा उपाय त्यांनी तेथल्या तेथे सांगून टाकला. ज्या देशाने त्यांना कोंडले होते, त्याच देशाच्या माणसांचे प्राण त्यामुळे वाचणार होते. पण पुढे राजाचे बोलावणे आले तेव्हा त्यांनी बाहेर येण्यास नकार दिला आणि माझ्यावरील आरोपाची चौकशी आधी व्हावी असे कळविले (१२:५०). या दोन प्रसंगांचा क्रम आपण सहसा नीट पाहत नाही. त्यांनी सेवा विनाअट दिली, परंतु न्यायाची मागणी सोडली नाही. बंदिवानाने चांगले काम केले म्हणून त्याच्या न्यायाचा प्रश्न मिटला असे होत नाही. आणि न्याय मिळेपर्यंत त्याने लोकांच्या उपयोगी पडू नये, असेही नाही.

हा बोध आपल्या देशाला विशेष लागू पडतो. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार भारतातील दर चार बंदिवानांपैकी सुमारे तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अद्याप सिद्धच झालेला नाही. त्यांची पहिली गरज खटला चालण्याची आहे. अग्निशमनाची कल्पना कितीही चांगली असली तरी ती त्यांच्या माथी मारता येणार नाही.

यूसुफ (अ.) निर्दोष होते, त्यांचे उदाहरण खऱ्या गुन्हेगाराला कसे लागू करता, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. त्यासाठी अबू मिहजन सकफी (रजि.) यांच्याकडे वळावे लागते. इतिहासकारांनी नोंदविले आहे की, मद्यपानामुळे त्यांना कादिसियाच्या लढाईच्या वेळी बेड्या घालून ठेवले होते. सेनापती हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) आजारी असल्यामुळे उंचावरून युद्ध पाहत होते. सैन्यावर दबाव वाढलेला पाहून अबू मिहजन यांनी सअद यांच्या पत्नी सलमा यांना विनविले की, मला सोडा, जिवंत राहिलो तर परत येऊन स्वतः बेड्या घालून घेईन. त्यांनी सोडले. अबू मिहजन सअद यांच्याच घोडीवर बसून लढले आणि रात्री परत येऊन बेड्यांत पाय घातले. सत्य कळल्यावर सअद यांनी त्यांना मुक्त केले आणि अबू मिहजन यांनी मद्य कायमचे सोडले.

या प्रसंगातील शौर्याचे वर्णन आपले वक्ते रंगवून करतात. मला मात्र त्यांचे परत येणे अधिक मोलाचे वाटते. विश्वास टाकला गेला म्हणून माणूस विश्वासास पात्र झाला. महाराष्ट्रातही हे तत्त्व नवे नाही. १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ, आजच्या सांगली जिल्ह्यात, स्वतंत्रपूर ही बंदिवानांची मुक्त वसाहत उभी राहिली. तिच्यामागे पोलंडमधून आलेले मॉरिस फ्रीडमन यांची प्रेरणा होती. तेथे बंदिवान शेती करतात, कुटुंबासह राहू शकतात. व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) या चित्रपटाला याच प्रयोगाने विषय दिला. पुढे येरवडा, पैठण येथेही खुली कारागृहे झाली. अलीकडे येरवड्याचे बंदिवान पेट्रोल पंपावरही काम करू लागले आहेत. ज्याच्या हाती पेट्रोलची नळी देता येते, त्याच्या हाती पाण्याची नळी देण्यास अडचण कोणती, हा प्रश्न त्यामुळे सहज मनात येतो.

अडचण असलीच तर ती मजुरीत आणि सुटकेनंतरच्या वागणुकीत आहे. बद्रच्या युद्धकैद्यांपैकी ज्यांना खंडणी देणे शक्य नव्हते पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदीनेच्या मुलांना अक्षरओळख करून द्यावी आणि मुक्त व्हावे, असे प्रेषितांनी (स.) ठरविले. त्यांच्या कामाचे मोल आधी निश्चित होते आणि ते पूर्ण मिळाले. इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी 'किताबुल खराज' या ग्रंथात खलीफा हारून रशीद यांना लिहिले की, बंदिवानांना अन्नखर्च आणि हिवाळा-उन्हाळ्याचे कपडे सरकारी खजिन्यातून द्यावेत, त्यांना साखळदंडात बाहेर काढून लोकांपुढे हात पसरायला लावणे थांबवावे. या कसोटीवर कॅलिफोर्नियाची व्यवस्था दीर्घकाळ उणीच होती. जीव धोक्यात घालणाऱ्यास दिवसाला सुमारे सहा ते दहा डॉलर आणि प्रत्यक्ष आगीच्या वेळी तासाला आणखी एक डॉलर मिळे. लॉस एंजेलिसच्या आगीनंतर, २०२५ मध्येच, कायदा करून प्रत्यक्ष आगीवरील कामाचा दर तासाला ७.२५ डॉलर करण्यात आला. मजुराचा घाम सुकण्यापूर्वी त्याचे दाम देण्याची शिकवण हदीसमध्ये आहे. मजूर तुरुंगात असेल तर ती लागू नाही, असे कोणत्या आधारावर म्हणावे?

याहून मोठी विसंगती अशी होती की, वर्षानुवर्षे वणव्यात राबलेला माणूस सुटल्यावर अग्निशमन दलात नोकरी मागायला गेला, तर जुन्या गुन्ह्यामुळे आवश्यक परवाना मिळविताना अडत असे. २०२० मध्ये तेथे कायदा झाला आणि अशा व्यक्तीला आपली गुन्ह्याची नोंद पुसून घेण्यासाठी न्यायालयात अर्ज करण्याची मुभा मिळाली. आपल्याकडेही चारित्र्याच्या दाखल्यापाशी किती जणांची वाट संपते, हे मोहल्ल्यातील प्रत्येकाला माहीत आहे. मद्यपानाची शिक्षा झालेल्या एका माणसाला कोणी शाप दिला, तेव्हा आपल्या भावाविरुद्ध सैतानाला मदत करू नका, असे प्रेषितांनी (स.) बजावले होते. ज्या यूसुफ (अ.) यांना काल कोठडीत ठेवले होते, त्यांच्याच हाती राजाने देशाच्या कोठारांचा कारभार सोपविला (१२:५५-५६). भुसार विभागात गोदाम असलेल्या आपल्या बांधवांनी हा प्रसंग वाचताना थोडे थांबावे. येरवड्यातून शिक्षा पूर्ण करून आलेल्या माणसाला आपण रखवालीवर ठेवू का? गोदामाची किल्ली दूरच राहिली, पाठीवर पोते तरी देऊ का?

आता पीडिताचा प्रश्न उरतो आणि तो सर्वांत अवघड आहे. ज्याच्या घरातील माणूस मारला गेला, त्याला मारेकऱ्याने दहा घरे वाचविली याचे काय? अल्लाहच्या हक्कात झालेला अपराध तौबाने माफ होऊ शकतो. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या एका पतित स्त्रीला क्षमा मिळाल्याची हदीस प्रसिद्ध आहे. परंतु माणसांच्या हक्काचा, म्हणजे हुकूकुल इबादचा, हिशेब ज्याचा हक्क बुडाला त्याच्याशीच चुकता करावा लागतो. आगीत शिरणे ही त्याची भरपाई नव्हे. या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा निकाल शरीअतच्या जाणकारांनी आवर्जून वाचावा. सक्तमजुरी करणाऱ्या बंदिवानास रास्त वेतन द्यावे आणि त्या वेतनातील काही भाग पीडितांना भरपाई म्हणून देण्यासाठी राज्यांनी कायदा करावा, असे न्यायालयाने त्यात म्हटले आहे. वेतनच नाममात्र असेल तर त्यातून पीडिताच्या घरी काय पोहोचणार? म्हणून बंदिवानांचे अग्निशमन पथक उभारण्याची सूचना कोणी पुढे आणली, तर मजुरीचा दर किती आणि त्यातील कोणता हिस्सा पीडिताचा, हे दोन प्रश्न प्रशिक्षण आणि गणवेशाच्या आधी विचारले जावेत.